दोन रविवार दिसल्या नाहीत, म्हणून आले

डिसेंबर लागला की गांधीबागेच्या कापड बाजारात पाय ठेवायला जागा नसते. लग्नसराईचं गिऱ्हाईक, आसपासच्या गावांतून आलेले किरकोळ दुकानदार, डोक्यावर गाठी घेऊन वाट काढणारे हमाल, आणि त्या गर्दीत चार-पाच जणींचा एखादा घोळका, हातात यादी घेऊन उभा. यादीत रंग नसतात, डिझाइन नसतं. असतात फक्त आकडे. अमुक साड्या, तमुक ब्लँकेटं, पांढरं कापड इतके मीटर, मुलांच्या फ्रॉकसाठी कटपीस. दुकानदार ओळखतो. चर्चच्या बायका आल्या!

नाताळच्या आधी नागपूरच्या किती मंडळ्यांतल्या महिला संघांची ही खरेदी चालते, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. (मंडळी म्हणजे एका चर्चमध्ये एकत्र येणारी कुटुंबं. आपल्या ख्रिस्ती शेजारणींच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो, म्हणून आधीच सांगून ठेवलं.) पैसे कुठून येतात, हेही पाहण्यासारखं आहे. कापणीच्या सणाला चर्चमध्ये लिलाव होतो. कुणी घरच्या वेलाचा भोपळा आणून ठेवतं, कुणी डझनभर अंडी, कुणी लोणच्याची बरणी. बोली लागते आणि वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो. घेणारा हसत हसत घेतो, कारण त्याला माहीत असतं की तो भोपळा विकत घेत नाहीये.

बायबलच्या नव्या करारात, प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात, यापो नावाच्या बंदराच्या गावची एक बाई आहे. टबीथा तिचं नाव, ग्रीक भाषेत दुर्कस, म्हणजे हरिणी. तिने प्रवचन केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. ती कपडे शिवायची. गावातल्या विधवांसाठी सदरे आणि अंगरखे. ती वारली तेव्हा पेत्राला बोलावून आणलं. तो माडीवर गेला, तर सगळ्या विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहिल्या आणि दुर्कशीने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. पुढे पेत्राने तिला उठवलं, असं ती गोष्ट सांगते. पण मला दरवेळी ते कपडे दाखवणंच आठवतं. माणूस गेल्यावर बायका काय दाखवतात? हा सदरा तिने शिवला होता. ही शिवण तिच्या हातची. गेल्या शतकात आणि त्याच्या आधीच्या शतकात जगभरच्या चर्चमधून गरिबांसाठी शिवणकाम करणारी बायकांची मंडळं निघाली, त्यांना तिचंच नाव मिळालं. गांधीबागेतून कापडाची पिशवी घेऊन सदर किंवा मोहननगरला निघालेल्या बायकाही त्याच ओळीतल्या.

धीर देणं, हिंमत देणं, दिलासा देणं यांवर चर्चमध्ये पुष्कळ बोललं जातं. नव्या करारात यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘जवळ बोलावणे’. मला तो फार आवडतो. त्यात सल्ला नाही, उपदेश नाही. नुसतं जवळ. आता हे जवळ येणं रोजच्या संसारात कसं होतं, कुठे फसतं, आणि बाईच्या वाट्याला त्यातलं किती येतं, तेवढंच आज पाहू.

घरसभेतली सतरंजी

रविवारची उपासना सगळ्यांना दिसते. ठेवणीतली साडी, पेटी-तबल्यावर गीतं, पाळकसाहेबांचं प्रवचन, बाहेर आल्यावर ‘जय ख्रिस्त, कशा आहात?’ ‘बऱ्या आहोत.’ उपासना संपल्यावर फाटकापाशी कुणी खरं सांगत नाही. फाटक ही काय रडायची जागा आहे?

खरं बोलणं होतं ते मधल्या वारी. बुधवार असेल, शुक्रवार असेल, एखाद्याच्या घरी दहा-पंधरा माणसं जमतात. कुणी तिला घरसभा म्हणतं, कुणी कॉटेज मीटिंग. सोफा भिंतीला लावतात, सतरंजी पसरतात. दोन गीतं, शास्त्रपाठ, थोडं मनन आणि मग प्रार्थनेचे विषय. या टप्प्याला सतरंजीवरच्या बायकांचा आवाज बदलतो. नातवाचा ताप उतरत नाहीये. मुलाची कंपनी बंद पडली. सोयरीक जमून मोडली. सासूबाईंना आता माणूस ओळखू येत नाही. एक जण वहीत लिहून घेते, आणि सगळ्या मिळून त्यावर प्रार्थना करतात. नंतर चहा, चिवडा.

वर्षानुवर्षं चालणारी ही साधी गोष्ट आहे. पण विचार करा, आठवड्यातून एकदा आपलं दुःख बोलून दाखवायला हक्काची जागा, आणि ते मोठ्याने आपल्या नावासकट देवापुढे मांडणारी शेजारीण, हे किती बायकांच्या नशिबी असतं? भजनी मंडळात, हळदीकुंकवात, बुद्धविहारातल्या रविवारच्या वंदनेत, मोहल्ल्यातल्या बायकांच्या बैठकीत थोड्याफार फरकाने हेच चालतं. बाई देवाला भेटायला निघते आणि वाटेत तिला बाई भेटते.

मंडळीतला खरा हिशेब गैरहजेरीचा असतो. नेहमीच्या बाकावर कोण नाही, हे पाळकसाहेबांच्या आधी एखाद्या आत्याबाईंच्या लक्षात येतं. सोमवारी त्या दारात उभ्या. ‘काऊन वं माय, दोन रविवार दिसली नाई?’ वाक्य एवढंच. त्यात चौकशी आहे, थोडा दम आहे आणि ‘तू नसलीस तर कळतं आम्हाला’ हेही आहे. एकट्या राहणाऱ्या म्हातारीला या एका वाक्यावर महिना काढता येतो. ज्यांच्या दारात अशी कुणी येत नाही, त्यांना विचारा.

ईयोबाचे मित्र अजून जिवंत आहेत

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख नाताळचं भेटकार्ड होईल.

जुन्या करारात ईयोबाची गोष्ट आहे. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. त्याचे तीन मित्र लांबून भेटायला आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर. त्याला पाहून ते मोठ्याने रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. इथवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत! पुढे त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तुझंच काही चुकलं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, पश्चात्ताप कर... अध्यायांमागून अध्याय हेच. शेवटी देवच त्या तिघांवर रागावतो.

हे तिघं आजही घरोघरी जातात, आणि बहुतेक वेळा साडी नेसून जातात. लेकरू गेलेल्या आईला ‘देवाला तो जास्त आवडला’ असं सांगणारी त्यांच्यातलीच. मूल होत नाही त्या सुनेला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ म्हणणारी, कॅन्सरच्या पेशंटजवळ बसून आपल्या नणंदेचा कॅन्सर कसा बळावला ते सविस्तर सांगणारी, या सगळ्या चांगल्या मनाने गेलेल्या असतात. वाईट मनाने कुणी डबा घेऊन जात नाही. पण गप्प बसवत नाही. शांतता झाली की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं, आणि ती भरून काढायला आपण देवाच्या वतीने बोलायला लागतो.

दुसरं दुखणं प्रार्थनेच्या विषयाचं. ‘फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं’ असं म्हणून सुरू झालेली गोष्ट रविवारपर्यंत तीन घरं फिरून येते. आता तर मोबाइलवर ग्रुप आहेत. एका बोटाने शंभर जणांना कळतं की अमक्यांची मुलगी घर सोडून गेली. प्रार्थना शंभर जण करतात की नाही, देव जाणे, पण ती आई पुढच्या रविवारी चर्चला येत नाही एवढं नक्की. मग आत्याबाई दारात उभ्या, दिसली नाई काऊन... ती तरी काय सांगणार? ज्या मंडळ्यांत जुन्याजाणत्या बाया ‘नाव राहू दे, एका बहिणीसाठी प्रार्थना करू’ एवढंच म्हणतात, तिथे बायका मोकळ्या बोलतात. नाव देवाला माहीत असतं.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नवरा पितो, मारतो. बाई धीर करून मंडळीतल्या मोठ्या बाईला सांगते. उत्तर येतं, ‘प्रार्थना कर, सहन कर, एक दिवस देव त्याला बदलेल.’ हा धीर नव्हे. हे तिला परत त्याच खोलीत ढकलणं झालं. देव माणसाला बदलतो यावर विश्वास ठेवावा, अनेक घरांत तसं झालेलंही असतं. पण तो बदलेपर्यंत तिचा हात मोडू नये याची व्यवस्था आपण करायची असते. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, आणि तो सर्व धर्मांच्या बायकांसाठी आहे. त्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना वाटेत प्रार्थना करता येते, त्याला कुणाचीच ना नाही.

ख्रिस्ती बायकांची या बाबतीत आणखी एक अडचण होती, ती बाहेरच्या पुष्कळांना माहीत नसते. त्यांच्या घटस्फोटाचा कायदा १८६९ सालचा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. बायकोला मात्र नुसता व्यभिचार दाखवून सहसा भागत नसे, त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. आणि नुसत्या मारझोडीवर घटस्फोट मिळत नसे! हे २००१ साली बदललं. आता क्रूरता हे एकटं कारणही चालतं आणि दोघांच्या संमतीनेही वेगळं होता येतं. म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षं ज्या बायकांना ‘सहन कर’ सांगितलं गेलं, त्यांना दुसरा रस्ताच जवळपास नव्हता. आता आहे. म्हणून आता ‘सहन कर’ सांगताना दहादा विचार करावा.

नागपूरची एक भाडेकरीण

विश्वास, संसार आणि धीर या तिन्हींची कसोटी पाहायची तर मराठीत लक्ष्मीबाई टिळकांकडे जावंच लागतं. ‘स्मृतिचित्रे’ बहुतेकींनी शाळेच्या धड्यात तरी वाचलं असेल. त्यांच्या गोष्टीत नागपूर दोनदा येतं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील कमालीचे सोवळे. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम बारा वर्षांच्या. नवरा कवी, बुद्धिमान, तापट आणि एका जागी न टिकणारा. आज ही नोकरी, उद्या ते गाव. अशा फिरतीत ते नागपूरला आले. इथले धनवंत अप्पासाहेब बुटी यांनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या कामासाठी आश्रय दिला. टिळक ‘ऋषी’ नावाचं मासिक चालवत. घरात काय आहे, काय नाही, हे पाहणं अर्थातच लक्ष्मीबाईंकडे!

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांना एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला. ते पुस्तक वाचता वाचता टिळक बदलत गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या. पदरी लहानगा दत्तू. सोवळ्या ब्राह्मण घरातली बाई, नवरा जिवंत असून संसार मोडलेला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज नुसती कल्पना करून कळायचं नाही. त्यांनी अंथरूण धरलं. त्या वेळी धीर कुणी दिला? कुठल्या धर्मोपदेशकाने नाही. बहिणीने आणि मेहुण्यांनी. त्यांनी लक्ष्मीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतलं, पंढरपूरला नेलं, खाऊपिऊ घातलं, दत्तूला सांभाळलं. बाटलेल्या माणसाची बायको म्हणून दूर लोटलं नाही. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे नगरला गेल्या, तरी सुरुवातीला आपलं सोवळं, आपली चूल वेगळी ठेवूनच. हळूहळू त्यांचं त्यांना उमगलं की जात माणसांनी केली आहे, देवाने नाही, आणि मग त्या कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी.

ही पाच वर्षं मला महत्त्वाची वाटतात. नवऱ्याने घेतलं म्हणून बायकोने दुसऱ्या दिवशी डोकं पुढे केलं, असं झालं नाही. त्या भांडल्या, रडल्या, थांबल्या, आपल्या डोक्याने पटल्यावर गेल्या. घराघरांतून सासरची श्रद्धा, माहेरची श्रद्धा, नवऱ्याची, मुलांची, यांच्यात ओढाताण होते तेव्हा आपण एकमेकींना किती वेळ देतो? पाच महिने तरी देतो का?

टिळक ९ मे १९१९ रोजी गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र दहा-अकरा अध्यायांवर अडलेलं. ज्या बाईला लग्नाच्या वेळी धड लिहिता-वाचता येत नव्हतं, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. आणि १९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याच्या अध्यक्षा होत्या लक्ष्मीबाई टिळक! चाळीस वर्षांपूर्वी याच गावात दुसऱ्याच्या आश्रयाला राहून नवऱ्याच्या लहरी सांभाळणारी बाई. ‘स्मृतिचित्रे’ त्यानंतर, १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागलं. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या.

नागपूरच्या या दोन्ही फेऱ्यांच्या मध्ये काय काय सोसलं, ते त्यांनी विनोद करत करत सांगितलं आहे. स्वतःवर हसणाऱ्या बाईचं पुस्तक आजारी मैत्रिणीला नेऊन द्यायला उत्तम.

त्यांच्याच काळातल्या पंडिता रमाबाईंचाही आपल्या भागाशी संबंध आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. नागपूर तेव्हा त्याच प्रांतात होतं. उपाशी, बेवारस मुली आणि बाया त्यांनी सोबत नेल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या का आल्या असतील? त्यांचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच गेले होते. उपाशी पोरीच्या डोळ्यांत काय असतं, ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे त्यांनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. ते केडगावलाच छापलं गेलं, खिळे जुळवण्यापासूनचं काम आश्रमातल्या बायकांनी केलं. १९२४ साली ते पुरं छापून झालं, तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

पाळकबाईंना कोण विचारतं?

मंडळीत सगळ्यांना धीर देणारी एक बाई असते आणि तिला पगार नसतो. ती पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांची बायको. रात्री अकराला कुणाच्या घरी कुणी वारलं की साहेबांबरोबर तिनेही निघायचं. महिला संघाची सभा तिने घ्यायची, संडे स्कूलच्या मुलांचं नाताळचं नाटक तिने बसवायचं, आलेल्या-गेलेल्याचा चहा तर आहेच. तिची साडी जरा बरी असली तर ‘बघा, दान कुठे जातं’, आणि साधी असली तर ‘मंडळीची शोभा घालवते’. तिचा मुलगा नापास झाला तर ती सबंध मंडळीची बातमी. दर काही वर्षांनी बदली. परसात लावलेल्या कढीपत्त्याला पानं फुटेपर्यंत सामान बांधायची वेळ येते.

तिने आपलं दुःख कुणाला सांगायचं? मंडळीतल्या बाईला सांगितलं तर ते साहेबांच्या नोकरीवर येतं. नवऱ्याला सांगावं तर तो दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून थकलेला.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट अशा वेळी वाचावी. मोठा पराक्रम गाजवलेला माणूस, पण ईजबेल राणीच्या धमकीने पळाला, रानात एका झाडाखाली जाऊन पडला आणि देवाला म्हणाला, आता मला मरू दे. देवाने त्याला काय सांगितलं? आधी काहीच नाही. दूत आला, त्याला हलवून उठवलं आणि ऊठ, खा एवढंच म्हणाला. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा जेवायला घातलं. बोलणं पुष्कळ नंतर, चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. थकलेल्या माणसाला आधी अन्न आणि झोप द्यावी हे देवालाही कळतं. पाळकबाईंना वर्षातून एकदा शाल देण्यापेक्षा महिन्यातून एका रविवारी दुपारचा स्वयंपाक करू देऊ नये. जेवण दोन घरांतून जावं. भांडीही नेणारीनेच घासून घ्यावी, नाहीतर तेही तिच्यावर!

एका घरात किती चर्च?

मंडळीसारखंच घराचं. जुन्या ख्रिस्ती घरांतून संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना ठरलेली असे. दिवेलागणीला आजी हाक मारी, सगळे बसत, एखादं टिळकांचं भजन, शास्त्राचा छोटा भाग, प्रार्थना. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात त्याच्या विश्वासाचं मूळ सांगताना लोईस ही आजी आणि युनीके ही आई, अशी दोघींचीच नावं घेतली आहेत. वडिलांचं नाव तिथे नाही. घराघरांतली स्थिती तेव्हाही अशीच असावी!

आता ही प्रार्थना टिकवणं अवघड झालंय. ट्यूशन, मालिका, मोबाइल, शिफ्टची नोकरी. काही घरांत उपाय म्हणून वेळच बदलली. रात्रीच्या जेवणाच्या ताटावरच दोन मिनिटं. प्रत्येकाने दिवसातली एक गोष्ट सांगायची, चांगली किंवा वाईट, आणि बाजूच्याने तिच्यासाठी एका वाक्यात प्रार्थना करायची. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या आईसाठी मोठ्याने एक वाक्य बोलतो, ‘आईच्या गुडघ्याला आराम पडू दे’, तेव्हा त्या आईला काय वाटत असेल, ते तिलाच विचारा. औषध तेच असतं, गुडघा तोच असतो.

सुना वेगवेगळ्या मंडळ्यांतून येतात, तेव्हा आणखी मजा. एक मेथडिस्ट, एक कॅथलिक, एक नव्या प्रार्थनाभवनातली टाळ्या वाजवून गाणारी. सासूबाईंना डोळे मिटून हळू आवाजातली प्रार्थना हवी, सुनेला उभं राहून मोठ्याने. यावरून भांडणं होतात, खोटं कशाला सांगा? नागपूरकरांना तर याचं विशेष वाटू नये. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यासाठी चर्चा किती वर्षं चालली होती म्हणता? चाळीसहून जास्त! बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, बिशप असावेत की नाही, यावर विद्वान माणसांना एवढा वेळ लागला. मग एका स्वयंपाकघरातल्या दोघींना दोन-चार वर्षं लागली तर बिघडलं कुठे?

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मात्र या सगळ्या जणी एकत्र दिसतात. तो बायकांचा जागतिक प्रार्थना दिन. दरवर्षी एका देशातल्या बायका प्रार्थना लिहून पाठवतात आणि जगभर त्याच प्रार्थना त्या दिवशी म्हटल्या जातात. ज्या देशाचं नाव आपण नकाशात शोधत बसू, तिथली बाई पाण्यासाठी किती चालते, तिच्या मुलाला कोणत्या लढाईत नेलं, हे आपल्याकडच्या बाया मराठीतून वाचतात आणि तिच्यासाठी डोळे मिटतात.

डागाच्या पायऱ्यांवर

गांधीबागेतच डागा रुग्णालय आहे. बाळंतपणासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेल्या बायका, बाहेर पायऱ्यांवर थर्मास घेऊन बसलेल्या त्यांच्या आया, सासवा. सीताबर्डीला स्कॉटिश मिशनने १८९६ साली मूर मेमोरियल रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून बाईच्या दुखण्याला बाईने जाणं हे इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. धर्म विचारायचा नाही, ही त्यातली पहिली अट.

दवाखान्यात भेटायला जाणाऱ्या जुन्या बायकांचे काही अलिखित नियम असतात, ते ऐकण्यासारखे आहेत. पेशंटच्या खाटेवर बसू नये, स्टूल ओढून घ्यावं. दहा मिनिटांच्या वर थांबू नये. फळं नेण्यापेक्षा सोबतीला असलेल्या बाईसाठी पोळी-भाजी न्यावी, कारण पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं आणि ती बिस्किटावर दिवस काढत असते. तिला विचारावं, ‘तू घरी जाऊन आंघोळ करून ये, तोवर मी बसते.’ प्रार्थना करायची तर आधी विचारावं, करू का? नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नये. हो म्हणाली तर लहान करावी, आणि पलीकडच्या खाटेवरची बाई, मग ती कुणीही असो, हात जोडून बघत असेल तर तिचंही नाव विचारून घ्यावं.

आणि निघताना ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नये. कुणी सांगत नाही. ‘उद्या सहाला डबा घेऊन येते, भाकरी चालते ना?’ असं विचारावं.